नवशिक्याची खूण

एखादें कौशल्य शिकत असलेल्या मनुष्यानें आपण शिकाऊ आहों हें जगास सांगावें कीं लपवावें, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु मोटारगाडीच्या आगमनानें त्यास जें गांभीर्य आलें तें पूर्वीं कधींच आलें नव्हतें. नवशिक्या गवयाचा सूर चुकला तर श्रोत्यांचे कान दुखतात. नवशिक्या आचाऱ्याची भाजी खारट झाली तर एका पंगतीचा रसभंग होतो. पण नवशिक्या मोटारवाल्याचा ब्रेकवर पडावयाचा पाय भलतीकडे पडला तर एखाद्या घराचा आधार नाहींसा होतो. म्हणूनच अनेक देशांच्या कायद्यांनीं शिकाऊ चालकाच्या गाडीवर कांहीं तरी खूण लावण्याची सक्ति केली आहे. पांढऱ्या पाटीवरील तांबडें ‘एल्’ हें अक्षर आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. चमत्कार हा कीं, परीक्षा उतरल्याबरोबर ती पाटी निघते. सकाळीं ज्या हातांविषयीं सर्व रस्त्यास सावधगिरीची सूचना होती, त्याच हातांविषयीं संध्याकाळीं कोणास कांहींच कळण्याचा मार्ग उरत नाहीं. एवढ्या अवकाशांत हात कांहीं बदललेले नसतात. तेव्हां परीक्षेनंतरहि वर्ष-दोन वर्षें नव्या चालकानें आपल्या नवखेपणाची खूण बाळगावी काय, हा प्रश्न निरनिराळ्या देशांत वारंवार निघाला आहे आणि त्यास उत्तरेंहि निरनिराळीं मिळालीं आहेत. त्या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे आपलें उत्तर काय असावें हें ठरविणें सोपें जाईल.

इतिहासाकडे वळण्यापूर्वीं खूण म्हणजे काय याचा थोडा विचार करणें अवश्य आहे. कांहीं खुणा डागासारख्या असतात. कैद्याचा बिल्ला या जातीचा. ज्याच्या अंगावर तो असतो त्याचें उणें तेवढें तो दाखवितो. उलटपक्षीं कांहीं खुणा पाहणारावर कर्तव्य लादतात. मुंज झालेल्या बटूच्या कमरेची मेखला व हातांतील पळसाचा दंड दृष्टीस पडला म्हणजे त्यास विन्मुख धाडूं नये, हा गृहिणीचा धर्म ठरे. खूण बटूच्या अंगावर, परंतु कर्तव्य गृहिणीवर, अशी ही वांटणी होती. विद्या पुरी झाल्यावर समावर्तन होऊन ती खूण उतरत असे. पुढें मुंजीच्या पाठोपाठ सोडमुंज उरकून घेण्याची रीत पडली. खूण उतरली, पण तेवढ्यानें विद्या पुरी झाली असें कोणीं मानलें नाहीं. मोटारीच्या पाटीचा इतिहास वाचतांना या दोन जातींतील भेद आणि ही सोडमुंजीची घाई, या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, अशी वाचकांस विनंति आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांत होतो, आणि त्या आरंभीं भय होतें तें मनुष्याचें नव्हतें, यंत्राचें होतें. सन १८६५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें रस्त्यावरून स्वतःच्या बळानें धांवणाऱ्या यांत्रिक गाडीस गांवांत ताशीं दोन मैल व गांवाबाहेर ताशीं चार मैल एवढीच गति ठेवण्याची मुभा दिली. गाडीबरोबर निदान तीन माणसें असावीं लागत, आणि त्यांपैकीं एकास तांबडें निशाण हातीं घेऊन गाडीच्या पुढें निदान साठ वार अंतरावरून पायीं चालावें लागे. हा कायदा मुख्यतः वाफेच्या अवजड एंजिनांस उद्देशून होता. १८७८ सालच्या दुरुस्तीनें निशाणाची सार्वत्रिक सक्ति गेली व अंतर वीस वारांवर आलें. पुढें चालणारा मनुष्य मात्र १८९६ पर्यंत टिकला. त्या वर्षीं हलक्या गाड्यांस या बंधनांतून सोडविण्यांत आलें व वेगाची मर्यादा ताशीं चवदा मैलांपर्यंत वाढविण्यांत आली. त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत जी यात्रा काढली, तिच्या प्रारंभीं न्याहारीच्या वेळीं एक तांबडें निशाण समारंभपूर्वक फाडण्यांत आलें.

या कायद्याची पुढें पुष्कळ टिंगल झाली आणि ती अगदींच अयोग्य होती असें नाहीं. तथापि त्यांत एक तत्त्व होतें. निशाणवाल्याचें काम केवळ गाडी हांकणारास इशारा देण्याचें नसे. तो समोरून येणाऱ्या घोडेस्वारास, गाडीवानास व पादचाऱ्यास सांगत असे कीं, आपलें जनावर आवरा, बाजूस व्हा. ज्यास इजा होण्याचा संभव, त्यास आधीं कळलें पाहिजे, हें तें तत्त्व होय. निशाण फाटलें त्याबरोबर हें तत्त्वहि मागें पडलें. १९०३ सालच्या कायद्यानें १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीवर क्रमांकाची पाटी आली व प्रत्येक चालकास परवाना घ्यावा लागूं लागला. परंतु क्रमांकाची पाटी अपघात घडून गेल्यावर गाडीचा मालक हुडकण्यास उपयोगी. अपघातापूर्वीं कोणास सावध करण्यास तिचा उपयोग शून्य. परवान्याची गोष्ट याहून मौजेची. सतरा वर्षें वय पुरें झालेल्या कोणासहि पांच शिलिंग भरून तो मिळे, आणि त्यासाठीं गाडी हांकून दाखविण्याची गरज नसे!

पुढील तीस वर्षांत या उदारपणाची किंमत इंग्लंडच्या रस्त्यांनीं मोजली. १९३० सालच्या कायद्यानें तर मोटारींवरील वेगाची मर्यादाच उठविली. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनमध्यें सुमारे चोवीस लक्ष मोटारवाहनें होतीं आणि त्या एका वर्षांत रस्त्यांवर ७,३४३ माणसें मृत्यु पावलीं व दोन लक्ष एकतीस हजारांहून अधिक जखमी झालीं. मृतांपैकीं सुमारे निम्मीं माणसें पायीं चालणारीं होतीं. त्याच वर्षीं लेस्ली होअर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. पादचाऱ्यांच्या वाटेवरील नारिंगी गोलांचे खांब अद्यापि त्यांच्याच नांवानें ओळखले जातात. वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा, आणि नव्या चालकांस परीक्षा, हे दोन उपाय १९३४ च्या कायद्यानें आणले व १९३५ मध्यें ते अमलांत आले. शिकाऊ चालकाच्या गाडीवरील ‘एल्’ची पाटी ही या परीक्षेचीच जुळी बहीण होय.

परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची झाली. परंतु ती १ एप्रिल १९३४ रोजीं अगर त्यानंतर गाडी हांकूं लागलेल्यांपुरतीच होती. त्यापूर्वींचे सर्व लोक आपोआप जाणते ठरले. परीक्षेची फी साडेसात शिलिंग होती. परीक्षेचीं स्वतंत्र केंद्रें नसल्यामुळें उमेदवारास परीक्षकाची गांठ पोस्ट ऑफिसापाशीं अगर रेल्वे स्टेशनापाशीं ठरवून घ्यावी लागे. त्या वर्षीं सुमारे दोन लक्ष सेहेचाळीस हजार अर्ज आले आणि शेंकडा ६३ उमेदवार उत्तीर्ण झाले. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्धामुळें परीक्षा बंद पडल्या, त्या १९४६ च्या नोव्हेंबरांत पुन्हां सुरू झाल्या. आणि युद्धकाळांत तात्पुरता परवाना घेतलेल्यांस १९४७ मध्यें परीक्षेशिवायच पुरा परवाना करून घेण्याची सवलत देण्यांत आली. म्हणजे कोणाची पाटी परीक्षेनें निघाली, कोणाची सरकारी आज्ञेनें निघाली, आणि कोणास ती जन्माची तारीख अनुकूल असल्यामुळें लावावीच लागली नाहीं. पाटी काढण्याचा क्षण आणि हात बसण्याचा क्षण हे एक नव्हेत, हें यावरून स्पष्ट होतें.

वस्तुतः धोक्याचा खरा काळ पाटी निघाल्यावरच सुरू होतो. शिकाऊ मनुष्य एकटा नसतो. त्याच्या शेजारीं जाणता मनुष्य बसलेला असतो व चार डोळे रस्त्यावर असतात. त्यामुळें शिकतांना होणारे अपघात तुलनेनें थोडे असतात. परीक्षा उतरून मनुष्य प्रथमच एकटा गाडी घेऊन निघतो, त्यानंतरचे पहिले कांहीं महिने सर्वांत घातक असतात, आणि पुढें अनुभवाबरोबर तो धोका झपाट्यानें उतरत जातो, असें अनेक देशांतील अपघातांच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. चक्र वळविणें, गियर बदलणें, गाडी मागें घेणें या गोष्टी परीक्षेंत पाहतां येतात. परंतु उभ्या बसच्या आडून एखादें मूल धांवत येईल हा तर्क, पहिल्या पावसानें निसरड्या झालेल्या रस्त्याची जाणीव, समोरच्या दिव्यांनीं डोळे दिपले असतां गति उतरविण्याची सवय, यांची परीक्षा थोड्या मिनिटांत घेतां येत नाहीं. तें ज्ञान रस्ताच देतो. आणि रस्ता हा असा गुरु आहे कीं, त्याच्या शिक्षेचा मार पुष्कळदां शिष्याऐवजीं तिऱ्हाइतास बसतो.

ही उणीव ओळखून प्रथम पाऊल टाकणाऱ्या प्रदेशांत उत्तर आयर्लंडची गणना केली पाहिजे. १९६८ सालीं तेथें असा नियम झाला कीं, परीक्षा उतरलेल्या चालकानें पुढील एक वर्ष गाडीवर ‘आर्’ या अक्षराची पाटी लावावी व ताशीं पंचेचाळीस मैलांपलीकडे जाऊं नये. हेतु चांगला, परंतु येथें खुणेबरोबर वेगाची बेडीहि अडकविली गेली. सर्व वाहनें सत्तर मैलांच्या वेगानें जात असलेल्या मोठ्या रस्त्यावर एकच गाडी पंचेचाळिसानें चालली म्हणजे मागील लोक उतावळे होतात व तिला ओलांडून जाण्याची धडपड करतात. त्यामुळें ‘आर्’ची पाटी पाहून सांभाळून घेण्याऐवजीं तिला टाळून पुढें पळण्याकडेच लोकांची प्रवृत्ति होते, अशी तक्रार तेथें वर्षानुवर्षें होत आली. आयर्लंडच्या प्रजासत्ताकानें १ ऑगस्ट २०१४ पासून ‘एन्’ची पाटी दोन वर्षें सक्तीची केली, तेव्हां तिच्यासाठीं वेगाची अशी निराळी मर्यादा घातली नाहीं.

खुद्द ब्रिटननें मात्र एक चमत्कारिक मध्यममार्ग स्वीकारला. १९९५ सालीं तेथें नव्या चालकांसाठीं स्वतंत्र कायदा झाला व १९९७ च्या जूनपासून तो अमलांत आला. पहिला परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आंत ज्याच्या नांवावर सहा दोषगुण चढतील, त्याचा परवाना रद्द होतो. तो पुन्हां शिकाऊ ठरतो, ‘एल्’ची पाटी लावतो व पुन्हां परीक्षा देतो. म्हणजे पहिलीं दोन वर्षें कच्चेपणाचीं आहेत हें सरकारास मान्य आहे. आपल्या दप्तरांत तें त्याची नोंदहि ठेवतें. परंतु शेजारून चालणाऱ्या सायकलवाल्यास तें कळावें अशी तजवीज मात्र करीत नाहीं. हिरव्या ‘पी’ अक्षराची पाटी तेथें मिळते, पण ती लावणें न लावणें चालकाच्या मर्जीवर सोडलें आहे. ऐच्छिक खुणेचा गुण असा कीं, जो मूळचाच सावध आहे तोच ती लावतो. ज्याच्यापासून भय, तो ती लावीत नाहीं.

आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म जपाननें अधिक चांगलें ओळखलें. तेथें १९७२ सालापासून नव्या चालकानें परवाना मिळाल्यावर एक वर्षपर्यंत गाडीच्या पुढें व मागें एक चिन्ह लावावयाचें असतें. त्यावर अक्षर नाहीं. अर्धें पिवळें व अर्धें हिरवें असें तें पानाच्या आकाराचें चिन्ह असून लोक त्यास कोवळ्या पानाची खूण म्हणतात. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. असें चिन्ह असलेल्या गाडीच्या अंगावर कारणाशिवाय आपली गाडी घालणें, किंवा तिच्यापुढें एकदम घुसणें, हा तेथें इतर चालकांचा दंडनीय अपराध आहे. मेखला पाहून गृहिणीवर जसें कर्तव्य येई, तसें तें पान पाहून जाणत्या चालकावर येतें. त्यामुळें ती खूण लाजिरवाणी राहिली नाहीं. आज जपानांत दुकानांतील नवा नोकरहि आपल्या बिल्ल्यावर तें पान लावतो आणि गिऱ्हाइकानें थोडें सांभाळून घ्यावें असें त्यावरून सुचवितो.

परंतु त्याच जपानांत खुणेच्या अपयशाचीहि एक कथा आहे व ती तितकीच बोधप्रद आहे. १९९७ मध्यें वृद्ध चालकांसाठीं नारिंगी व पिवळ्या रंगांची एक खूण निघाली. २००८ सालीं पंचाहत्तर वर्षांवरील चालकांस ती सक्तीची करण्यांत आली. लोकांनीं तिला वाळक्या पानाचें नांव दिलें. ज्यांनीं जन्मभर गाडी हांकली त्यांच्या पाठीवर वाळकें पान चिकटवावयाचें, हें वृद्धांस सहन झालें नाहीं. त्यांच्या रोषापुढें २००९ मध्यें सक्ति मागें घ्यावी लागली, आणि २०११ मध्यें त्या पानाऐवजीं चार पाकळ्यांचें नवें चिन्ह आणावें लागलें. त्या गाडीस त्रास देऊं नये हा नियम येथेंहि होता. पण कोवळें पान आज ना उद्यां गळून पडणार आणि वाळकें पान कायमचें, हा भेद मनुष्याचें मन विसरत नाहीं. खुणेस मुदत असली तर मनुष्य ती सोसतो; नसली तर तिचा डाग होतो.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, नवशिका ओळखूं आला म्हणजे दुष्टांचें फावतें. अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानानें मे २०१० पासून एकवीस वर्षांखालील नव्या चालकांच्या क्रमांकाच्या पाट्यांवर लहानशी तांबडी चकती लावण्याची सक्ति केली, तेव्हां आईबापांनीं हाच आक्षेप घेतला. मुलगी एकटी गाडी घेऊन जात आहे हें वाटेवरच्या भामट्यांस कशाला कळवावयाचें, अशी त्यांची पृच्छा होती. ही भीति थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१२ मध्यें न्यायालयानें कायदा कायम केला. फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनीं आंकडे तपासले तेव्हां, चकती सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत या चालकांच्या अपघातांचें प्रमाण शेंकडा सुमारे नऊ इतकें उतरल्याचें त्यांस आढळलें. तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तेथें खूण वयाशीं जोडली होती, अनुभवाशीं नव्हे. त्यामुळें ती तारुण्याची जाहिरात झाली. चाळिसाव्या वर्षीं गाडी शिकणाऱ्या गृहस्थासहि तीच खूण असती, तर तिच्यावरून आंत कोण बसलें आहे याचा तर्क कोणास करतां आला नसता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एकाच घरांतील गाडी आज मुलगी नेते, उद्यां वडील नेतात. पाटी कायमची चिकटवून ठेविली तर तिच्यांतील अर्थच नाहींसा होतो. हा दोष आपल्याकडे विशेष दिसतो. तांबडें ‘एल्’ गाडीच्या कांचेवर चिकटवितात आणि परवाना मिळून वर्षें लोटलीं तरी तें तसेंच राहतें. मग खऱ्या शिकाऊ मनुष्याची पाटीहि कोणी मनावर घेत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. खूण अशी असावी कीं ती लोहचुंबकानें बसावी व सहज काढतां यावी, आणि जाणता मनुष्य हांकीत असतां ती ठेवणें हाहि दोष मानावा.

या सर्व इतिहासाचा आपल्याशीं संबंध कोठें येतो? भारतांत १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याखालीं १९८९ मध्यें केंद्रीय नियम झाले. त्यांत ब्रिटनमधील तेंच तांबडें ‘एल्’ आलें आहे. पाटी निदान अठरा सेंटिमीटर चौरस असावी, अक्षर निदान दहा सेंटिमीटर उंच असावें, येथपर्यंत नियमांचा काटेकोरपणा आहे. पण शिकाऊ परवाना घेतल्यावर तीस दिवस लोटले म्हणजे मनुष्य परीक्षेस बसूं शकतो, आणि उतरला कीं पाटी निघते. ज्याचा सर्व अनुभव एका महिन्याचा, त्याच्यांत आणि वीस वर्षें घाट चढउतार केलेल्या चालकांत रस्त्यास भेद दिसत नाहीं. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. हे सर्व बळी नवशिक्यांचे नव्हेत, किंबहुना मद्य, अतिवेग व रस्त्यांची दुरवस्था यांचा त्यांतील वांटा मोठा आहे. एका पाटीनें हा संहार थांबेल असें म्हणणारा भोळा ठरेल. परंतु ज्या रस्त्यावर मोटार, दुचाकी, हातगाडी आणि शाळेंतून परतणारें मूल एकाच वाटेनें जातात, तेथें कोणाच्या हातावर विसंबूं नये हें आधीं कळणें ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून परीक्षेनंतरहि नव्या चालकानें खूण बाळगावी, असें आमचें मत आहे. मात्र तें तीन अटींवर. तिला वर्षाची अगर दोन वर्षांची निश्चित मुदत असावी. ती अनुभवाची असावी, वयाची नसावी, व गाडीबरोबर न राहतां हांकणाराबरोबर जावी. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: त्या खुणेनें जितकें बंधन नवशिक्यावर पडेल, निदान तितकेंच इतरांवर पडावें, तिच्या मागें भोंगा वाजवीत राहणें, तिला कडेला रेटणें, तिच्यापुढें घुसणें हा कायद्यानें अपराध व्हावा. या तिसऱ्या अटीवांचून पहिल्या दोन व्यर्थ आहेत. ती मान्य नसेल तर खूण न लावलेली बरी. कारण ज्या रस्त्यावर कच्चा हात दिसतांच लोक त्याच्या अंगावर येतात, तेथें आपला कच्चेपणा झांकण्याचा शहाणपणा प्रत्येक नवशिका आपोआप शिकतो, आणि त्याची शिक्षा पुढें पादचाऱ्यास भोगावी लागते.

तांबडें निशाण घेऊन गाडीपुढें चालणारा मनुष्य १८९६ मध्यें घरीं गेला आणि तो परत येणार नाहीं. यावा अशी कोणाची इच्छाहि नाहीं. परंतु रस्त्यावरील दुसऱ्या मनुष्यास आधीं सांगावें, हें जें काम तो करीत असे, तें तेव्हांपासून पडून आहे. जाणत्या चालकांनीं मागें सरून चार हात जागा द्यावयाचें कबूल केलें, तर तें काम एका लहानशा पाटीसहि करतां येण्यासारखें आहे.